पाणी, यंत्र आणि आपली भाषा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात घोडेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी भाषेचा शिक्षक. बी.ए. झालो, बी.एड. झालो; अभियंता नव्हे. तेव्हा ‘जलयंत्रशास्त्र आणि नियंत्रणशास्त्र यांतील पारिभाषिक शब्द’ या विषयावर मी बोलणार आहे हे ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटले असेल. परंतु पारिभाषिक शब्द हा अभियंत्याचा जितका प्रश्न आहे, तितकाच तो भाषेच्या शिक्षकाचाही आहे. शिवाय आपण राहतो ते घोडेगाव घोड नदीच्या काठी आहे. वरच्या अंगाला डिंभ्याचे धरण आहे. तालुक्याचे नाव आंबेगाव, पण ज्या गावावरून ते पडले ते जुने आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. ज्या गावाचा इतिहास पाण्याशी असा बांधला गेला आहे, त्या गावच्या मुलांना पाण्याच्या शास्त्राचे शब्द परके वाटावेत, हे बरे नव्हे.

प्रथम आपल्याजवळ काय आहे ते पाहू. विजेचे पंप येण्यापूर्वी आपल्या विहिरींवर मोटा चालत. मोटेला दोन दोर असत. जाड तो नाडा, बारीक तो सोंदूर. बैल ज्या उतारावरून खाली जात ती धाव, आणि पाणी जिथे पडे ते थारोळे. मोट वर येत असताना तिची सोंड दुमडलेली असे, म्हणून पाणी सांडत नसे. नाडा वरच्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या रुळावरून जाई. त्यामुळे मोट काठाशी येताच सोंड आपोआप थारोळ्यावर पसरे आणि मोट रिकामी होई. कोणी हात लावावयाचा नाही, कोणी हाक मारावयाची नाही. योग्य वेळी आपोआप उघडणाऱ्या आणि योग्य वेळी मिटणाऱ्या साधनाला यंत्रशास्त्रात झडप म्हणतात. आपल्या आजोबांनी ती कातड्याची केली होती आणि तिच्या प्रत्येक भागाला त्यांनी नाव दिले होते.

पुढे पाणी पाटात आले. पाटातून चारीत, चारीतून सरीत. तिथे उभा राहतो तो दारे धरणारा. सरी भरली की तो खोऱ्याने एक दार मोडतो आणि दुसरे बांधतो. त्याचे डोळे सरीच्या शेवटाकडे असतात. पाणी तिथवर पोहोचले किंवा नाही हे तो पाहतो, आणि जे पाहिले त्यावरून हाताचे काम ठरवितो. हा मनुष्य तुम्ही ध्यानात ठेवा. नियंत्रणशास्त्राचे सारे मर्म त्याच्या ठायी आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता धरणावर जाऊ. जिथून पाणी वाहून येते तो पाणलोट, साठते तो जलाशय, जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर जाते तो सांडवा. सांडव्यावर बसविलेले ते वक्राकार दरवाजे. दरवाज्यातून दर सेकंदाला जितके पाणी सुटते तो विसर्ग. कालव्याला पाणी सुटते ते आवर्तन. ज्या जमिनीला ते मिळते ते लाभक्षेत्र. पाण्याखाली जाते ते बुडीत क्षेत्र. जलाशयातले जे पाणी कालव्यात घेता येते तो उपयुक्त साठा आणि तळाशी राहते तो मृत साठा. डिंभ्याच्या जलाशयाची, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराची, एकूण क्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी आहे आणि उपयुक्त साठा सुमारे साडेबारा. वर्तमानपत्रात ‘धरण शंभर टक्के भरले’ असे छापून येते, तेव्हा कोणत्या साठ्याचे शंभर टक्के हे ज्याला कळते, त्यालाच ती बातमी कळली.

या शब्दांची कुळे पाहिली तर मोठी मौज वाटते. जलाशय, विसर्ग, आवर्तन हे संस्कृत. पाणलोट, सांडवा, चारी हे आपल्या मातीतले. हौद हा अरबी. खरीप आणि रब्बी हे दोन्ही अरबी. मूळ अर्थ शरद ऋतू आणि वसंत ऋतू. जिरायत शब्दाचे मूळ अरबी, बागायत फारसीतून आलेला, हंगाम फारसी. औषध फवारतो तो फवारा अरबी. आगीचा बंब, पाण्याचे पिंप आणि नळाची चावी हे पोर्तुगिजांकडून आलेले. पंप, पाईप आणि मोटार इंग्रजांकडून. आणि ‘वक्राकार दरवाजा’ यात वक्राकार संस्कृत, दरवाजा फारसी! दोन भाषांचे शब्द एका बिजागरीवर बसले आहेत आणि दरवाजा सुरळीत उघडतो आहे. पुण्याच्या ‘सदाशिव पेठ हौदा’लाही असेच म्हणता येईल.

शब्द बदलण्याचे प्रयत्न आपल्याकडे फार जुने आहेत. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; असे सुमारे चौदाशे शब्द त्यात आहेत. राज्य आपले, तर कारभाराची भाषाही आपली असावी, हा त्यामागील विचार मोठा होता. त्यापुढे लोकांनी काय केले? पुष्कळ नवे शब्द घेतले आणि पुष्कळ जुनेही ठेवले. किल्ला राहिला, दरवाजा राहिला. विद्वान शब्द सुचवितात, पण तो ठेवावयाचा की टाकावयाचा हे बोलणारा ठरवितो.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर हेच काम नव्याने सुरू झाले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश निघाले. केंद्र सरकारने १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले. त्यात परिभाषा संग्रहाचा खंड आधी, १९७३ साली, आला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. म्हणजे ज्ञान सांगण्यापूर्वी शब्द निश्चित केले. घर बांधण्यापूर्वी विटा भाजाव्या लागतात, तसेच हे झाले.

आता दुसऱ्या शास्त्राकडे वळतो. त्याला नियंत्रणशास्त्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट रोजची आहे. घराच्या गच्चीवरच्या टाकीत नळाला जोडलेला एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाणी चढले की गोळा चढतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की गोळा उतरतो आणि नळ सुरू होतो. पाण्याची पातळी पाण्याच्या येण्यावर हुकूम चालविते. जे घडले त्याची खबर मागे पोहोचवावयाची आणि त्या खबरीनुसार पुढची कृती बदलावयाची, या व्यवहाराला मराठीत प्रत्याभरण असा शब्द आहे.

माझ्या शिक्षक बंधूंच्या कपाळावर या शब्दाने आठी पडली असेल, कारण बी.एड.ला आपण सर्वांनी तो पाठ केला आहे! विद्यार्थ्याने उत्तर दिले, त्यावरून शिक्षकाला कळले की धडा समजला नाही, म्हणून शिक्षकाने पद्धत बदलली, हे प्रत्याभरण. आपण हा शब्द शिक्षणशास्त्राचा समजतो. वास्तविक तो यंत्रशास्त्रातून शिक्षणशास्त्रात आलेला विचार आहे. टाकीतला गोळा, वर्गातला शिक्षक आणि सरीवरचा दारे धरणारा, तिघे एकच काम करतात. जो शिक्षक मुलांच्या चेहऱ्याकडे न पाहता पाठ पुढे रेटतो, तो दारे सोडून झाडाखाली झोपलेल्या माणसासारखा होय. एका सरीत पाणी फुटते आणि दुसरी कोरडी राहते.

या शास्त्राचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावा. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओस याने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात पाण्याच्या घड्याळात तरंगत्या झडपेचा उपयोग केला. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तीन भाऊ होऊन गेले. त्यांनी सुमारे शंभर युक्तिबाज साधनांचे पुस्तक लिहिले. त्यात तरंगत्या झडपा आणि आपोआप भरणारी भांडी आहेत. १२०६ मध्ये अल-जझरी याने दियारबकरच्या दरबारात आपला ग्रंथ पूर्ण केला. पाणी उचलणारी यंत्रे आणि दोन नळकांड्यांचा पंप त्यात आकृत्यांसह दिला आहे. आपण मराठीत ‘हिकमती माणूस’ म्हणतो, त्यातला हिकमत शब्द त्याच भाषेतला आहे. पुढे १७८८ मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. १८६८ मध्ये मॅक्सवेलने अशा नियामकांचे गणित मांडले. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनरने यंत्र आणि प्राणी या दोहोंतील नियंत्रणाचे शास्त्र एकत्र मांडणारा ग्रंथ लिहिला. अलेक्झांड्रिया, बगदाद, दियारबकर, इंग्लंड, अमेरिका. ज्ञानाचा पाट असा गावोगावी वळत आला आहे. कोणत्याही एका गावाने तो आपल्या नावावर करू नये आणि कोणी आपल्याला त्याचे पाणी नाही असेही समजू नये.

आपल्या मुलखातही या पाण्याचे काम झाले आहे. शेजारच्या जुन्नरला काही काळ निजामशाहीची राजधानी होती आणि कारभार मलिक अंबरच्या हाती होता. त्यानेच पुढे खडकी वसविली, जिला नंतर औरंगाबाद नाव पडले आणि आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने तेथे जमिनीखालून नहर आणली. नहर हाही अरबी शब्द, अर्थ नदी किंवा कालवा. पुढे त्याच शहरात पाणचक्की झाली; तिथे खापरी नळांतून आणलेले पाणी उंचावरून पडून जाते फिरवीत असे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले. त्या नळाला वाटेवर हवा जाण्यासाठी मनोरे ठेवले होते, त्यांना उच्छ्वास म्हणत. केवढा सुंदर पारिभाषिक शब्द! नळात कोंडलेली हवा बाहेर पडली नाही तर पाणी अडते, हे सारे शास्त्र त्या एका शब्दात आले. कोणत्या समितीने तो घडविला असेल असे वाटत नाही. नळाचे काम पाहणाऱ्या कोणा माणसाला तो नळ श्वास टाकतो आहे असे वाटले असावे.

आणि आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये अभियंता झाले आणि मुंबई सरकारच्या नोकरीत लागले. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. जलाशय ठरावीक पातळीच्या वर चढला की पाण्याच्याच जोराने दरवाजे उघडावयाचे, पूर ओसरला की आपोआप मिटावयाचे. भिंत न वाढविता साठा वाढला आणि पुराचे भयही आटोक्यात राहिले. जलयंत्रशास्त्र आणि नियंत्रणशास्त्र यांचा याहून चांगला विवाह कोणता? हे दरवाजे आपल्या जिल्ह्यात बसले, आणि आपल्या मुलांना वाटते की स्वयंचलित म्हटले की ते परदेशातूनच यावयाचे!

आता मुख्य मुद्दा. चांगला पारिभाषिक शब्द कोणता? माझ्या मते, जो ऐकताच काम डोळ्यांपुढे उभे करतो तो. ठिबक सिंचन घ्या. हा शब्द शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावा लागला नाही. थेंब पडताना कानाला ऐकू येतो. शेजपाळी घ्या. शेजारच्या शेतानंतर शेजारचे शेत, अशी पाण्याची पाळी. एका शब्दात सारा नियम आला. झडप घ्या. जिन्याची झडप आपण पाहिली आहे, म्हणून हृदयाची झडप आणि पंपाची झडप कळावयास वेळ लागत नाही. उलट जिथे शब्द मिळाला नाही तिथे लोकांनी काय केले पाहा. विहिरीतल्या नळाच्या तळाशी जी झडप बसते, तिचे इंग्रजी नाव ‘फूट व्हॉल्व्ह’. पुष्कळ शेतकऱ्यांनी तिचा ‘फुटबॉल’ करून टाकला! आपण हसतो. पण हसण्याआधी विचार करा, त्यांनी परका शब्द आपल्या तोंडाला बसेल असा घडवून घेतला आणि काम चालू ठेवले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शब्द केवळ सोपा असून भागत नाही, तो नेमका असावा लागतो. विसर्ग म्हटले की आमच्या सातवीच्या मुलाला ‘दुःख’ शब्दातले दोन टिंब आठवतात. म्हणून अर्थ सांगावा लागतो, संदर्भ द्यावा लागतो. दाब आणि जोर हे बोलण्यात एकच, शास्त्रात दोन. एका चौरस सेंटिमीटरवर पडणारा जोर म्हणजे दाब. हा भेद कळला की जड वाहन उचलणारा जॅक कळतो. प्रयोग सोपा आहे. एक लहान आणि एक मोठी अशा दोन पिचकाऱ्या बारीक नळीने जोडा आणि पाण्याने भरा. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ एक आणि मोठ्याचे दहा असेल, तर लहानावरचा एक किलोचा भार मोठ्यावरचा दहा किलोंचा भार तोलून धरतो. पण लहान दट्ट्या दहा बोटे खाली जाईल तेव्हा मोठा एक बोट वर येईल. पास्कलने हा नियम सतराव्या शतकात सांगितला; म्हणून दाबाच्या एककाला पास्कल नाव आहे. अशी माणसांच्या नावांची एकके भाषांतरित करू नयेत. पास्कल, वॉट, व्होल्ट हे जगाचे शब्द आहेत. ते जसेच्या तसे घ्यावेत, अर्थ मात्र आपल्या भाषेत समजून घ्यावा.

कोणी म्हणेल, गुरुजी, शब्दांवर एवढा वेळ कशाला? त्याचे उत्तर नदीकाठच्या घराला विचारा. पावसाळ्यात इशारा येतो, ‘धरणातून दहा हजार क्यूसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ दहा हजार क्यूसेक म्हणजे किती, हे किती घरांत कळते? एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर, दोन घागरींच्या आसपास. दहा हजार क्यूसेक म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वीस हजार घागरी समोरून गेल्या! टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. विसर्ग साडेअकरा हजार क्यूसेक असला तर एका दिवसात सुमारे एक टीएमसी पाणी जाते. हे गणित आमच्या आठवीच्या वर्गातील मुलगा करू शकतो. ते त्याने रात्री घरी सांगितले, तर आजी गुरे वेळेवर वर हलवील. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटले, तेव्हा पुण्याने पाण्याचा अर्थ फार महाग किंमत देऊन शिकला.

जमीन गेली त्यांनाही विचारा. बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र, प्रकल्पग्रस्त, पुनर्वसन हे शब्द नोटिशीत येतात तेव्हा ते कोशातले शब्द राहत नाहीत. आपले शेत कोणत्या शब्दात बसते त्यावर घराचे भवितव्य ठरते. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्या-वस्त्यांना हे धरण मुकाट्याने सोसावे लागले आणि पाणी खाली दूरवर गेले. निदान कागदावरचा शब्द तरी त्यांना वाचता आणि विचारता यावा. पाण्याची पाळी मागताना सात नंबरचा अर्ज भरता येणे आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ कळणे, हीसुद्धा साक्षरताच आहे.

आपल्या संस्थेच्या मुलांचा प्रश्न थोडा अधिक अवघड आहे. कित्येक घरांत दखनी बोलतात, शाळेत मराठी, आणि तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये गेले की इंग्रजी. तीन भाषांच्या तीन पायऱ्या. हुशार मुलगाही पहिल्या वर्षी गोंधळतो, आणि त्याला गणित येत नाही असा शिक्का बसतो. खरे म्हणजे त्याला गणित येते; शब्द अडतो. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि इंग्रजी टाळता येईल असे कोणी समजू नये. जगाची पुस्तके त्या भाषेत आहेत. माझे म्हणणे एवढेच की, समज आपल्या भाषेत पक्की झाली की इंग्रजी शब्द तिच्यावर बसतो. समज नसेल तर तो नुसता पाठ होतो आणि परीक्षेनंतर उडून जातो. आणि तीन भाषा घरात असणे हे ओझे मानू नका. हौद, नहर, हंगाम, हवा हे शब्द ज्याच्या घरचेही आहेत आणि मराठीचेही आहेत, त्या मुलाला या भाषेत उपरे वाटण्याचे कारण काय?

म्हणून शेवटी एक सूचना करतो. आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक शब्दवही ठेवावी. पानाचे चार रकाने करावे. पहिल्यात गावातला शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला मराठी शब्द, तिसऱ्यात इंग्रजी शब्द, आणि चौथ्यात ती वस्तू काय काम करते ते आपल्या वाक्यात. सुट्टीत आजोबांना मोटेचे भाग विचारावे, पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सुट्या भागांची नावे विचारावी, कालव्यावरच्या पाटकऱ्याला दरवाजा किती फेरे उघडला की किती पाणी सुटते ते विचारावे. आजोबांचे शब्द लवकर लिहून घ्या. नाडा आणि सोंदूर यांतील भेद सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, उत्तम शब्दवहीला पुढील वर्षीच्या समारंभात बक्षीस ठेवावे आणि निवडक शब्द या स्मरणिकेत छापावे. खर्च फार नाही, आणि दहा वर्षांत घोडेगाव परिसराचा पाण्याचा कोश तयार होईल.

धरण बांधणे आपल्या हाती नव्हते. त्याचे दरवाजे केव्हा उघडावे हेही आपल्या हाती नाही. परंतु त्या दरवाज्यांविषयी बोलावयाची भाषा आपल्या हाती आहे, आणि ज्याला बोलता येते त्यालाच आपला वाटा मागता येतो. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!